व्हरांड्यातली तिसरी हंडी

कुरोदानी,
२ डिसेंबर, सोमवार

प्रिय त्सुनेओ,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे थंडी सुरू झाली, डोंगरमाथ्यावर परवा बर्फ दिसलं. तुझे गुडघे कसे आहेत? मिसाकोच्या पायात लोकरीचे मोजे घालत जा, बायकोचं आता तुलाच बघायचंय, तिच्या लक्षात राहत नसणार. माझं ठीक चाललंय. दात तीन उरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. लोणच्यासाठी मुळे वाळत घातलेत, झाले की पाठवीन.

या पत्रासोबत एक खोकं येईल. ते आधी उघडू नकोस. आधी पत्र वाच, अगदी शेवटपर्यंत.

गेल्या आठवड्यात चिहारूचा फोन आला होता. तुझी लेक गुणाची आहे, आत्याची आठवण ठेवते. ती काय म्हणाली ते पुढे लिहिते.

आधी गावची बातमी. शाळा पाडायचं ठरलंय. तू आज ती पाहिलीस तर ओळखायचा नाहीस. संगीताच्या वर्गाचं छप्पर मागच्या हिवाळ्यात बर्फानं खाली बसलं. मैदान रानडुकरांनी उकरून ठेवलंय. तुझ्या वर्गात खिडकीतून वेल शिरला तो फळ्यापर्यंत पोचलाय. व्हरांड्याच्या फळ्या इतक्या कुजल्यात की भिंतीला धरून चालावं लागतं. ज्या जमिनीवर आपण ओली फडकी घेऊन रांगत शर्यती लावायचो, तिथे आता अळंबी उगवलीय.

दिव्यांच्या काचेच्या हंड्या मात्र अजून आहेत. बारा घरांनी दिलेल्या बारा. दोन फुटल्या, एकीत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, बाकीच्यांत मेलेले पतंग आणि धूळ. मागे एक माणूस त्या विकत घ्यायला आला होता. शहरात कॉफीच्या दुकानांत लावतात म्हणे. मला म्हणाला, "आजी, अशी दुधी काच आता कुणी बनवत नाही हो." मी म्हटलं, "अशी शाळा तरी कोण बांधतं आता?" आणि त्याला वाटेला लावलं.

आपली हंडी व्हरांड्यातली तिसरी. शाळा बांधली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. बाबांनी ती स्टेशनापासून गोधडीत गुंडाळून पाठीवर आणली होती. वाटेत कुठे टेकले नाहीत. वरच्या लोखंडी टोपीत त्यांनी कुंचल्यानं आपल्या घराचं नाव लिहिलं, ते अजून वाचता येतं. वर्षअखेरच्या सफाईला ज्या घराची हंडी त्याच घरानं ती पुसायची, ही आपली रीत. तुमचं घर बंद झाल्यापासून तेहेतीस वर्षं तुमची हंडी मी पुसतेय. शाळा बंद, वीज तोडलेली, तरी मी दर डिसेंबरला शिडी घेऊन जाते. लोक म्हणतात, किनुएची भावावर केवढी माया! मी त्यांना तसं म्हणू देते.

तर, पाडायच्या कागदावर सहीच्या जागी बाराही घरांचे शिक्के लागतात. अकरा झाले. तुझा राहिलाय. शुक्रवारी हिसाकिची आला होता. शाळा बंद झाली तेव्हाचा आपला गावप्रमुख, आता शहाऐंशीचा झालाय, तरी नसत्या पंचायती सुटत नाहीत त्याच्या. चहा पीत म्हणाला, "किनुए, तुझ्या भावाला कागद धाडायचा, आणि तो सहा महिने त्यावर बसून राहायचा. त्यापेक्षा मागच्या खेपेसारखं उरकून टाक की."

"हिसाकिची, तुझी बत्तिशी गेली पण वटवट गेली नाही."

"अगं, चौतीस वर्षं मी कुणापाशी तोंड उघडलंय का?"

"मग आज कशाला उघडलंस?"

तो हसला, मुळ्याची फोड तोंडात टाकली आणि काठी टेकत गेला. चुलीवर पाणी उकळतंय, ते बघून येते.

मंगळवार, सकाळी

काल पाण्याचं निमित्त करून उठले. चुलीवर पाणी नव्हतंच. आता लिहिते.

त्सुनेओ, शाळा बंद करायच्या कागदावर तुझ्या घराचा शिक्का मिसाकोनं मारला नव्हता. मी मारला.

तू त्या हिवाळ्यात धरणाच्या कामावर गेला होतास. जाताना सभेत सांगून गेलास की मी परत येईपर्यंत माझ्या घराचा शिक्का लागणार नाही. तुझी चिहारू तिसरीत होती. सगळ्या शाळेत मिळून मुलं चार. पण आपल्याकडे एक घर जरी अडलं तरी कागद पुढे सरकत नाही, हे तुला माहीत होतं, म्हणून तू निर्धास्त होतास. फेब्रुवारीत मिसाको आईच्या आजारपणासाठी तीन दिवस माहेरी गेली. मी नेहमीसारखी आईबाबांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला तुझ्या घरी गेले. शिक्का देव्हाऱ्याच्या खणात असतो हे मला लहानपणापासून माहीत. तो ओच्यात घातला आणि तशीच हिसाकिचीकडे गेले. त्यानं कागद पुढे केला. काही विचारलं नाही. मी शिक्का मारला.

परत ठेवणार होते, खरंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मिसाको लवकर परतलेली, देव्हारा पुसत होती. खण उघडा. मला म्हणाली, "ताई, शिक्का दिसत नाही हो इथे." मी म्हटलं, "असेल कुठेतरी, नीट बघ." एवढंच बोलले मी. ते एक वाक्य तोंडातून गेलं आणि त्यानंतर शिक्का परत ठेवायची वाट बंद झाली. तू मार्चमध्ये आलास. कागदावर शिक्का, घरात शिक्का नाही, आणि घरात बाई एकटी. तू तिला काय काय बोललास ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. ती एवढंच म्हणत होती, मी नाही मारला. मी ओच्यात हात घालून उभी होते आणि आत आले नाही.

का केलं, ते मी स्वतःला बरेच दिवस निराळं सांगत आले. चार मुलांवर शाळा कशी चालणार. बर्फात छप्पर पडलं असतं तर. गाव तुझ्यावर चिडलं होतं, तुझ्या भल्यासाठीच केलं. यातलं थोडं थोडं खरं आहे, पण त्यासाठी मी शिक्का उचलला नसता. मी शाळेत शिपाईण होते. नवरा गेलेला, पदरात कुणी नाही. हिसाकिचीनं सांगितलं होतं, एकमतानं झालं तर नदीच्या खालच्या अंगाच्या नव्या शाळेच्या स्वयंपाकघरात मला घेतील, नाहीतर काही सांगता येत नाही. मला घेतलं. सतरा वर्षं मी तिथे भात शिजवला. तुझी पोर रोज तास तास बसमधून ओकत यायची आणि मी तिला भात वाढायचे. पुढच्या वर्षी तुम्ही नागोयाला गेलात. पूर्वजांच्या सणालासुद्धा तू पुन्हा आला नाहीस.

आता चिहारूच्या फोनचं. ती म्हणाली, आई खूप विसरते, कधी मला बहीण समजते. मग म्हणाली, "आत्या, एक गंमत सांगू? गंमत नाही म्हणा. आई हल्ली बाबांपुढे हात जोडून सारखी म्हणते, शाळेचा शिक्का मीच मारला, चुकले, मला माफ करा. बाबा म्हणाले, चला, मरायच्या आधी कबूल तरी केलंस."

मी फोन ठेवला. चौतीस वर्षं ऐकून ऐकून तिला स्वतःचंच खोटं वाटायला लागलं, त्सुनेओ. तिच्याकडे एक खरं होतं, तेही मी नेलं.

शनिवारी उन्हात शाळेत गेले. शिडीवर चढले, तिन्ही स्क्रू गंजलेले, तेल घालून सोडवले. हंडी उतरवली, पंपावर धुतली. खोक्यात ती आहे. आत कापसात तुझा शिक्का आहे. लाल शाई अजून अक्षरांत बसलीय, मी ती कधी पुसली नाही.

शाळा पाडायला हो म्हणायचं की नाही ते तू ठरव. तुझा शिक्का आता तुझ्याच हातानं लागेल. तू मला काय म्हणशील ते म्हण, मी वाट बघणार नाही, मागणारही नाही. पण हे पत्र वाचून झालं की आधी मिसाकोकडे जा. ती पुन्हा हात जोडेल. तेव्हा तिला सांग, "तू मारला नाहीस, किनुएनं मारला." ती ऐकेल आणि विसरेल. परत हात जोडेल. परत सांग. ती जितक्या वेळा माफी मागेल तितक्या वेळा सांग, कंटाळू नकोस. तीही चौतीस वर्षं तुला हेच सांगत होती.

या पत्राखाली शिक्का नाही. नाव मी हातानं लिहितेय.

तुझ्या घराचा शिक्का मारणारी,
किनुए