श्वास रोखून धरा

३ जून
नवं गाव, नवी नोकरी आणि मी भलतीच खूश. रुग्णालयाच्या स्कॅन विभागात रिपोर्ट टाइप करायचं काम. टेबल खिडकीशी, खुर्ची डगमगत नाही. आणखी काय हवं? काचेपलीकडच्या मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई दिवसभर प्रत्येकाला तेच सांगते, श्वास घ्या, रोखून धरा. मशीन चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. जेवायला मात्र ताईकडे. सख्खी थोरली बहीण शेजारच्याच गल्लीत राहते, मग स्वयंपाक करतंय कोण.

२ ऑगस्ट
जेवलं की बरगड्यांच्या खाली, अगदी मधोमध, कुणी मूठ आवळल्यासारखं दुखतं. म्हणून खाणंच कमी केलं. सहा किलो उतरले. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता सांगितलं, नव्या नोकरीचा ताण. ताईला लगेच पटलं. मला नोकरी आवडते का, हे कुणी विचारलंच नाही.

९ ऑगस्ट
मामांनी एक जुनं पुस्तक दिलं. पोटाला रक्त नेणाऱ्या रोहिणीवरून श्वासपटलाचा एक पट्टा जातो. क्वचित कुणाचा तो खाली असतो आणि रोहिणी चिमटते. श्वास सोडला की जास्त, घेतला की कमी. तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही प्रत्येकाचा फोटो श्वास आत घ्यायला लावून काढतो. आणि ‘रक्तवाहिन्या नॉर्मल’ हे वाक्य फॉर्मवर आधीच छापलेलं असतं.

११ ऑगस्ट
जुने रिपोर्ट उपसले. जेवल्यावर दुखतं, वजन घटतंय, अशा चौदा जणी. चौदाही नॉर्मल. शेरा: मानसिक, वरच्या मजल्यावर दाखल. त्यापुढे एकीचाही कागद नाही. त्यातल्या दोघींचे मीच टाइप केलेत. लाज वाटते, आणि त्याहून जास्त संताप येतो.

१३ ऑगस्ट
उद्या माझा स्कॅन. श्वास सोडून काढा, एवढंच मागितलं. डॉक्टर म्हणाले, टायपिस्टने टाइप करावं. परत आले तर टेबलावर माझाच रिपोर्ट. तारीख उद्याची. नॉर्मल. मानसिक. खाली डॉक्टरांची सही.

१४ ऑगस्ट
मामांनी मशीनमधल्या बाईला गप्प केलं. मी श्वास सोडला. दिसली — रोहिणी, आकड्यासारखी वाकलेली, चिमटलेली. डॉक्टर आले. म्हणाले, रिपोर्ट तर झालाय. माझ्यासमोर फोटो पुसला —

वरचा मजला
तारीख सांगत नाहीत. ताट संपेपर्यंत उठू देत नाहीत. मला दाखल करायच्या कागदावर सही ताईनेच केली, माझ्या भल्यासाठी म्हणे. मामा नोकरीवर नाहीत —

नंतर
खाल्लं. दुखलं. ओरडले, तर तेही मानसिक —
नाही खाल्लं तर नाकातून नळी.

आज
ताई आलीय. फक्त तिने मानलं तरी मी सुटेन. पुस्तकात होतं, श्वास सोडल्यावर बरगड्यांखाली कान लावला की चिमटलेल्या रक्ताची घरघर ऐकू येते. तिला म्हटलं, लाव कान. तिने लावला. मी सगळा श्वास सोडला —

ऐकलं तिने. खरंच ऐकलं. डोळे भरून आले तिचे. म्हणते, बघ, पोटात कसं गुरगुरतंय, किती भूक लागलीय माझ्या बाळाला.

चमचा भरतेय. ताई, नको, ते —