हंसांच्या आधी उठायचं

गुरुजी, नागपूरबाहेर बेसाच्या पलीकडच्या आपल्या तळ्यावर या रविवारी हंस आले होते. राखाडी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, तुम्ही दाखवले होते तेच. त्यानंतर अख्ख्या आयुष्यात मला ते इकडे पुन्हा दिसले नव्हते, आणि दिसले तेव्हा आनंद व्हायच्या आधी किळस आली. हंसांची नव्हे, माणसांची. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "बाबा, जमाना बदलला." म्हणून तुम्हाला सांगतो. असलं वाक्य तुम्ही कधी तोंडातून काढलं नसतं.

थंडीतली शाळा मला अजून दिसते. फुटक्या तावदानांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं, बाकावर आम्ही एकमेकांना खेटून बसलेले, आणि तुम्ही हंसाची कविता म्हणता आहात, मान किंचित कलती ठेवून, प्रत्येक ओळीनंतर आम्हाला ती ऐकू येईपर्यंत थांबत. मधेच विचारता, "हंस कोणी पाहिलाय?" साऱ्या वर्गाचे हात वर. मी तर दोन्ही वर केलेले. तुम्ही माझ्यापाशी येता. "कुठं पाहिलास?" "सरस्वतीच्या फोटोत, गुरुजी." कोणी हसत नाही, कारण सगळ्यांनी तिथंच पाहिलेला असतो. तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, "न पाहिलेलं पाहिलं म्हणू नये. एवढं कळलं तरी कविता आली तुला." छडी परवडली असती.

मग पुढच्याच सुट्टीला तुम्ही आम्हाला पहाटे चालवत तळ्यावर नेलं. दोन्ही बाजूंना हरभरा, पायांना दंव, तोंडातून वाफा. वर्गात तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, पण शहर मागे पडलं की तुमची भाषा आपल्या घरची व्हायची. "खाली बसा रे. उभा राह्यला का तो मानूस दिसते, बसला का दगड. पाखरू दगडाले भेत नाही." आम्ही तळ्याकाठच्या मातीच्या पाळीच्या आडोशाला दगड होऊन बसलो. पाण्यावर हंस होते आणि मला कवितेतली एकही ओळ आठवली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तुम्ही हळूच म्हणालात, "चाला आता. त्याईच्या आधी आपुन उठाचं. आपल्यापायी त्याईले उठा नाही लागलं पाहिजे." आणि आम्ही वाकून, रांगत मागे आलो. मागे वळून पाहिलं तर हंस जसेच्या तसे. बाकी सारं शिकवलेलं कारकुनीत झिजून गेलं, ते मात्र राहिलं.

आता त्या पाळीवर मोटारी चढतात. हरभऱ्याच्या जागी फ्लॅट आहेत, त्यांचं सांडपाणी तळ्यात येतं. रविवारी कोणीतरी हंसांची बातमी मोबाइलवर फिरवली आणि अर्धं शहर लोटलं. पाळीवर तर्रीपोह्यांच्या प्लेटा, तंबाखू-खर्ऱ्याच्या पन्न्या, लाल पिचकाऱ्या. झाडाच्या रंगाचे कपडे घातलेले आणि वरातीसारखा गलका करणारे लोक. एकाच्या गळ्यात दुधाच्या किटलीएवढा कॅमेरा. एक बाई हंसांकडे पाठ करून मोबाइलला सांगत होती, "फ्रेंड्स, हे बघा बदकं!" मी पाळीखाली बसलो तर किटलीवाला ओरडला, "ओ काका, सरका ना जरा! फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही."

मी सरकलो. तेवढ्यात त्याच्या जोडीदारानं खिशातून दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब काढला. मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी ओरडलो.

"काहून उडवता गा त्याईले? हिमालय ओलांडून आले ते. बसू द्या की!"

"बसलेला फोटो सगळ्यांजवळ आहे, काका. उडता पाहिजे."

"थकले असतील बाप्पा!"

"हिमालय ओलांडला ना? मग एक राउंड मारायला काय जाते?"

सगळे हसले. बार झाला. ते पंख एकदम उठले, तो आवाज मी ऐकला गुरुजी, आणि त्यावर टाळ्या पडल्या. हंस घिरट्या घालू लागले. खाली यायचे, माणसं पाहून पुन्हा वर जायचे. दोनतीन वेळा असं झालं. अजून एकदा असं झालं तर ते गेलेच, आणि आता माझ्या हयातीत ते परत यायचे नाहीत, एवढं मला उमगलं. शेवटी ते पलीकडच्या गावाच्या आड, शेतांवर दिसेनासे झाले. किटलीवाला वैतागला. "कुठं गेले यार? काका, तुम्ही पाहून राहिले होते ना?"

"कन्हानकडे गेले," मी म्हणालो. "नदीवर."

"पक्कं?"

"जन्म गेला माझा पाहण्यात. दुपारी तिकडेच उतरतात."

आणि गुरुजी, ते निघाले! एकामागून एक मोटारी वळल्या, अख्खं नागपूर ओलांडून पलीकडच्या टोकाला जायला. जाताना एक जण मला "थँक यू काका" म्हणाला. न पाहिलेलं मी पाहिलं म्हणालो, तेही तुमच्या तळ्यावर, आणि मला जराही लाज वाटली नाही.

उन्हं कलताना हंस परतले. एकेक करून पाण्यावर टेकले, माना अंगात घातल्या. मी दगड होऊन बसलो होतो. गुडघे ठणकत होते. तुम्ही असता तर याच वेळी "चाला आता" म्हणाला असता. मला ते ऐकूही आलं. पण मी उठण्याआधी खिशातून मोबाइल काढला, आणि खटकन आवाज झाला. सगळ्यात जवळच्या हंसानं मान वर केली आणि तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मी रांगत मागे आलो, म्हाताऱ्याला जमेल तसा. ते उठले नाहीत.

फोटोत नुसतं चकाकणारं पाणी आहे आणि काही काळे ठिपके. कोणाला पाठवला नाही. हे पत्रही पाठवायचं नाहीच. पण तो फोटो अजून पुसवत नाही.