आक्काला कोणत्या बोटीने न्यावं

३ नोव्हेंबर, सोमवार

आक्का येतेय! पुढच्या सोमवारी. फोनवर एवढंच म्हणाली, "तुझं शहर मला एकदा पाण्यावरून दाखव. मग राहायचं की नाही ते सांगते." आणि फोन ठेवला. पाण्यावरूनच का, हे विचारायचं राहून गेलं.

भावोजी गेल्यापासून ती गावात एकटी आहे. मी दर फोनला म्हणतो, आमच्याकडे राहायला ये. ती दर फोनला म्हणते, बघू. आज पहिल्यांदा त्या 'बघू'ला अट लागली. म्हणजे बघणार तरी आहे.

जेवताना घरात लगेच दोन पक्ष पडले. ही म्हणाली, वन्संना क्रूझवरच न्यायचं. गादीच्या खुर्च्या, डोक्यावर छत, माइकवरून माहिती, हातात सरबत. शहर आवडायचं असेल तर ते बसून आणि थंड घशाने बघावं लागतं. पोरगी रोज फेरीबोटीने पलीकडे औषधांच्या दुकानात कामाला जाते. तिचं म्हणणं, आत्या पाहुणी म्हणून येतेय की राहायला? राहायचं असेल तर फेरी दाखवा. नुसती पुढची खोली दाखवून स्थळ पटवलं की पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. यावर हिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी आम्ही हिला मागची खोली दाखवली नव्हती.

मी खाली मान घालून जेवलो. नदी तीच, पाणी तेच, दोन्ही काठ तेच. मग अडचण कसली? पण आहे खरी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घडीमास्तरांचा सल्ला घेतला. लॉन्ड्रीत मी इस्त्री करतो, ते घड्या घालतात. हॉटेलांच्या सगळ्या चादरी आम्हा दोघांच्या हातांखालून जातात. ते म्हणाले, पाण्यावर जाऊच नका. चादर आणि पाणी, दोन्ही लांबूनच सपाट दिसतात. फारच आग्रह असेल तर आधी दोन्ही बोटींत स्वतः बसून बघा.

शहाणा माणूस. पोहता येत नाही एवढंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते कोणाला सांगू? म्हणून इथे लिहितो.

संध्याकाळी काम लवकर सोडलं आणि क्रूझवर बसलो. खुर्च्या खरंच छान. माइकवाली मुलगी गोड बोलत होती. जुना पूल आला, त्याचा इतिहास सांगितला. मग म्हणाली, "आता डावीकडे बघा. लॉन्ड्रीच्या त्या खिडकीत एक वयस्कर कारागीर रोज संध्याकाळी आपल्या बोटीला हात जोडून नमस्कार करतात. आपणही त्यांना हात करू या."

ती आमची लॉन्ड्री. ती माझी खिडकी.

दिवेलागणीला मी इस्त्री उभी करून ठेवतो, पाण्याकडे तोंड करतो, डोळे मिटतो आणि हात जोडतो. गावी ओसरीवरून करायचो, इथे खिडकीतून करतो. देवाला जागा बदललेली चालते. त्या वेळी बाहेरून रोज ओरडा ऐकू यायचा. मला वाटायचं, लोकांना नदी आवडते.

आज खिडकीत घडीमास्तर होते. केळं खात होते. अख्खी बोट उठून त्यांना हात करू लागली. त्यांना ठसका लागला. माइकवाली क्षणभर गडबडली, मग म्हणाली, आज बदली कारागीर आहेत. लोक नाराज झाले. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, आम्ही खास त्यांच्यासाठी आलो होतो हो. मी म्हणालो, असतील काही कामात.

सगळे हात करत होते म्हणून मीही केला. माझ्याच खिडकीला, मी तिथे नसताना!

आणि वयस्कर? अजून पन्नाशी यायची आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फेरीबोट. सकाळी पोरीबरोबर चढलो. ती चढल्या चढल्या उभ्यानेच झोपली. बाकीचे फोनमध्ये, नाहीतर झोपेत. एक बाई मटार सोलत होती. शहराकडे कोणी ढुंकूनही पाहीना, जसं नवऱ्याकडे रोज कोणी पाहत नाही. (हे हिचं वाक्य.)

मी पाहायला म्हणून कठड्याशी गेलो. तिथे एक गृहस्थ अख्खं दार घेऊन उभे होते. लाकडी, नवं कोरं. म्हणाले, जरा धरता का, नाक खाजवायचंय. धरलं. ते नाक खाजवून मागे बाकावर बसले आणि त्यांचाही डोळा लागला. पुढचा सगळा प्रवास मी दारामागे उभा. कडीसाठी पाडलेल्या भोकातून जेवढं दिसलं तेवढं शहर पाहिलं. त्यातून आमची लॉन्ड्रीही गेली. खिडकी बंद होती.

उतरायचं राहिलं. कामावर उशीर झाला.

ओढ्याची आठवण आली. शाळा ओढ्यापलीकडे होती. आक्का मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची आणि पलीकडे जाईपर्यंत मी झोपलेला असायचो. झोपलेल्याला उठवायचं नसतं, असं तिचं शास्त्र. मग ती मला तशीच घेऊन शाळेबाहेर उभी राहायची. मी जागा होईपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची, आणि छडी मला बसायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकांनी बोलावलं. समोर क्रूझचे व्यवस्थापक बसले होते, कोट घालून. टेबलावर त्यांचं रंगीत माहितीपत्रक होतं. त्यात जुन्या पुलानंतर आणि घड्याळाच्या मनोऱ्याआधी मी. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मागे चादरींचा ढीग.

कोटवाले फार अदबीने बोलले. बुधवारी खिडकीत भलताच माणूस होता, लोकांनी तक्रार केली. पूल कधी रजा घेत नाही, मनोरा घेत नाही. मीही कृपा करून घेऊ नये. मी सांगितलं की तो नमस्कार बोटीला नसतो. ते म्हणाले, तो कोणालाही असो, दिशा आमच्याकडे आहे.

मालक म्हणाले, अहो, तुमचं नाहीतरी चालूच असतं, त्यांना बघू द्या की. आणि तुमच्या बहिणीला क्रूझवर न्यायचंय ना? कोटवाले लगेच म्हणाले, घरच्या सगळ्यांना मानाने बसवू, पहिल्या रांगेत.

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही तर खिडकीत."

८ नोव्हेंबर, शनिवार

आज हात जोडायला उभा राहिलो आणि बोटीचा आवाज आला. मन लागेना. डोळे मिटले तरी कानांना माहीत होतं की बघतायत. शेवटी नदीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून हात जोडले. डोळे उघडले तर समोर आग विझवायचं लाल नळकांडं. त्यालाच नमस्कार झाला.

बाहेरून माइक स्पष्ट ऐकू आला. "आज ते जरा रुसलेले दिसतात." आणि बोटीने माझी समजूत काढायला भोंगा वाजवला. घडीमास्तर हसून हसून चादरींवर आडवे झाले. त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या.

हात आपण जोडतो, पण ते कोणाकडे जातात हे आपल्या हातात असतं का? मला वाटायचं, असतं. आता सांगता येत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आक्का आली. एक पिशवी, एक छत्री. आल्या आल्या खोल्या पाहिल्या. मागचीही पाहिली, पोरीनेच दार उघडून दाखवली. आक्का म्हणाली, जागा आहे, मला किती लागतीय.

मग तिने माहितीपत्रकातला मी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"डोळे मिटून इस्त्री करतोस होय रे, धाकट्या?"

सगळी हकीकत सांगितली. ती हसली नाही. मी म्हणालो, आता तूच ठरव. क्रूझवर गेलीस तर मी दिसेन, पण तुझ्याबरोबर नसेन. फेरीने गेलीस तर बरोबर असेन, पण माझ्या जागी बंद खिडकी दिसेल. एकाच वेळी बोटीत आणि खिडकीत असणं मला जमत नाही. ते फक्त देवाला जमतं.

ही आणि पोरगी श्वास रोखून बसल्या होत्या, निकालाला बसतात तशा.

आक्का म्हणाली, "फोनवर तर तू रोज बरोबर असतोस. दिसत मात्र नाहीस. मला दिसणारा पाहिजे."

क्रूझ ठरली. ही जिंकली, आणि उद्या साडी कोणती नेसायची या चिंतेला लागली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर स्वतःच्या सदऱ्याला तीनदा इस्त्री केली. घडीमास्तर म्हणाले, पुरे आता, कापड विरघळेल.

ठरवलं होतं की आज नमस्कार डोळे उघडे ठेवून करायचा. आक्का दिसली पाहिजे. पण हात जुळले की पापण्या आपोआप मिटतात, जुन्या घराच्या खिडक्यांसारख्या. बोट आली. नेहमीचा ओरडा सुरू झाला, त्यात माइकवरचं काही ऐकू येईना. मी एक डोळा किलकिला केला. पहिल्या रांगेत ही, पोरगी, मधे आक्का. मागे हातच हात.

आणि एकदम सगळे हात खाली गेले. वारा पडल्यावर वाळत घातलेल्या चादरी पडतात तसे. आवाज बंद. सगळी बोट खाली बसली. नुसतं इंजिन. आक्का एकटी उभी होती. मला वाटलं, माझ्याकडून काही अपराध घडला. घाबरून पुन्हा डोळे मिटले आणि होता तो नमस्कार पुरा केला.

घरी आल्यावर हिने सांगितलं. आक्काने उठून त्या मुलीच्या हातातून माइक घेतला. कसा घ्यायचा हे तिला कोणी दाखवलंही नव्हतं. म्हणाली, "हात खाली घ्या. तो माझा धाकटा भाऊ आहे. तो तुम्हाला नाही, देवाला नमस्कार करतोय. त्याचं होऊ द्या." आणि माझं होईपर्यंत माइक सोडला नाही. एका गृहस्थांनी टोपी काढली. हिचं सरबत तसंच राहिलं, ते दुःख वेगळं.

मला कौतुक वाटलं. रडूही आलं. आता तरी ही राहील असं वाटलं.

पण आक्का म्हणाली, "शहर छान आहे रे. पण इथं माणूस घटकाभर हात जोडून उभा राहिला तरी त्याचा तमाशा होतो. मला नाही झेपायचं. गुरुवारची गाडी बघ."

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडीचं तिकीट काढलं. आज एकही चादर सरळ होईना.

दुपारी कोटवाले आले. मला वाटलं, भांडायला. तर म्हणाले, कालची सफर लोकांना फार आवडली. ताई रोज येतील का? फक्त तेवढंच बोलायचं, मानधन देऊ. मी म्हणालो, ती उद्या परत जातेय. ते खुर्चीत बसूनच राहिले. माझ्यापेक्षा जास्त खचले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाड्यांचा तळ नदीपलीकडे आहे, म्हणून आक्काला घेऊन सकाळी फेरीबोटीत चढलो. तिला बाकावर जागा मिळाली. मी तिच्याजवळ उभा राहणार, तेवढ्यात दारवाले गृहस्थ! तेच दार. म्हणाले, चौकटीत बसलं नाही, परत नेतोय, जरा धरता का. नाही कसं म्हणायचं?

म्हणून पुढचं सगळं मी कडीच्या भोकातून पाहिलं. आक्काशेजारी एक नर्स येऊन बसली. रात्रपाळी करून आलेली, गणवेशातच. बोट सुटली आणि तिची मान आक्काच्या खांद्यावर पडली. आक्का आधी ताठ झाली. मग सैल झाली. मग तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि खांदा थोडा पुढे घेतला.

गाड्यांच्या तळाचा धक्का आला. मी दारामागून हाक मारली. आक्काने ओठांवर बोट ठेवलं.

मी खुणेने गाडी दाखवली. ती तिथून दिसतही होती. आक्काने मान हलवली. लोक उतरले, लोक चढले, बोट सुटली. काठावरून गाडीही सुटली.

नर्स पार शेवटच्या धक्क्याला जागी झाली. तिचाही थांबा मागे गेला होता. ती ओशाळली. आक्का म्हणाली, त्यात काय, परत जाऊ. मग तिला सोडायला आम्ही त्याच बोटीने परत! दारवाले कुठे उतरले कळलंच नाही. दार माझ्याकडे राहिलं. ते धक्क्यावरच्या शिपायाकडे दिलं, त्याने काही न विचारता घेतलं.

येताना आक्का म्हणाली, "या बोटीत कुणी कुणाकडं बघत नाही रे."

मी म्हणालो, नाही बघत. मनात म्हटलं, शहराच्या माथी आणखी एक दोष लागला.

उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. ही म्हणते, मुळात फेरी दाखवायला नको होती. पोरगी म्हणते, क्रूझ नको होती. मी म्हणतो, दार नको होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आक्का घरात नव्हती. पिशवी होती, छत्री नव्हती. गाडीची वेळ टळून गेली तेव्हा आली. हातात फेरीबोटीचा पास, तीन महिन्यांचा. फोटोत डोळे मिटलेले. पासाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या होत्या, दुसरा काढू. आक्काने सांगितलं, राहू द्या, आमच्यात असेच येतात.