पाचवं बोट

सर, तुम्ही दिलेला ब्रश मी शेवटी दुसऱ्याच्या कागदावर चालवलाच. एवढं एकच वाक्य सांगायला लिहायला बसले, पण एका वाक्यात आटपलं तर ती मी कसली. तुम्हीच वर्गात म्हणायचात, ‘हिला काही विचारायचं तर आधी चहा सांगून ठेवा.’ तेव्हा आता निवांत ऐका. तुम्ही गेलात त्यालाही पुष्कळ वर्षं झाली, तुम्हाला कुठली घंटा गाठायची नाही. मी सध्या राहात्याजवळच्या एका गावात हायस्कूलला चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे काय, फळ्यावर सुविचार लिहिते, पाहुणे येणार असले की दारात रांगोळी काढते, संमेलनाचे पडदे रंगवते, निरोपसमारंभाला थर्माकोलची अक्षरं कापते. नववीला चित्रकलेचे आठवड्याला दोन तास असतात. त्यातला एक गणिताला उसना जातो, आणि उसना गेलेला तास परत आलेला मी वीस वर्षांत पाहिला नाही.

पण जो एक हाती राहतो, तो मी तुमच्यासारखाच घेते. श्रीरामपूरच्या त्या पत्र्याच्या वर्गात तुम्ही आम्हाला रंगपेटी आणू द्यायचा नाहीत. प्रत्येकानं आपापल्या दारातली माती आणायची. कुणाची काळी, कुणाचा तांबडा मुरूम, कुणी चुलीतली राख, कुणी कंदिलाच्या काचेवरची काजळी, आणि आईच्या डब्यातली चिमूटभर हळद चोरून. त्यात मिसळायला बाभळीचा डिंक तुम्ही घरी शिजवायचात. एका रविवारी मी मातीची पुरचुंडी द्यायला घरी आले, तर तुम्ही स्वयंपाकघरात स्टोपुढे उकिडवे बसून डिंक ढवळताय आणि काकू दारात उभ्या राहून मला सांगतायत, ‘भाजीचं पातेलं घेतलंय बघ ह्यांनी. आता आठवडाभर आमटी चिकट.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘तेवढीच घट्ट होईल.’ काकू हसल्या नाहीत, पण मला चहा दिला. ते सगळे तास मी अजून घेते. कापडी पिशवीत हात घालायचा, आतली वस्तू नुसती चाचपायची आणि हाताला जी कळली ती काढायची. खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या पायांमधली मोकळी जागा काढायची. आमचे मुख्याध्यापक चांगले आहेत, फक्त प्रत्येक उपक्रमाचा फोटो मागतात. मोकळ्या जागेचा फोटो कसा द्यायचा म्हणून मी खुर्चीचाच देऊन टाकला.

आठवीतला तो तांब्याचा तास तुम्हाला आठवतो का? टेबलावर पितळी तांब्या आणि दोन कांदे मांडून तुम्ही ऑफिसात गेलात आणि जाताना मला म्हणालात, वर्गाकडे बघ. मी बघितलं म्हणजे काय, फिरून एकेकाचे दोष काढायला लागले. खिडकीपाशी बसलेल्या माझ्या मैत्रिणीचा तांब्या एका बाजूनं बसका झाला होता. मी तिच्या हातातला खोडरबर घेतला, तांब्या पुसला आणि झकास गोल काढून दिला. तुम्ही परत आलात. नेहमीसारखे हात पाठीशी बांधून बाकांमधून फिरलात. तुम्ही मुलांच्या कागदाला कधी हात लावत नसायचात, म्हणून ते कायम मागे बांधलेले. तिच्यापाशी थांबलात आणि विचारलंत, ‘असंच होतं का गं?’ तिनं माझ्याकडे बघितलं. मग तुम्ही मला बोलावून तिच्या जागेवर बसवलंत. तिथून तांब्याला पोचा दिसत होता, चांगला लिंबाएवढा. माझ्या बाकावरून तो दिसतच नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘तिनं पाह्यलेलं तू पुसलंस. आता ते आणून दे तिला.’ मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. एका पोच्यासाठी एवढं काय, असं वाटलं होतं.

दहावी झाल्यावर निरोप घ्यायला आले तेव्हा तुम्ही तुमचा चार नंबरचा ब्रश दिलात. दांड्याचा रंग उडालेला, पण केस अजून एकजीव होते. ‘हा तुझ्या कागदासाठी. दुसऱ्याच्या कागदावर नेलास तर मला कळेल,’ असं बजावलंत. मी हसले. कागदात गुंडाळून तो ब्रश मी डी.एड.ला नेला, सासरी नेला, या शाळेत आणला. सर, तुम्हाला कळतं का हो खरंच? कळत असेल तर हे पुढचं तुम्हाला आधीच माहीत आहे.

नववीत एक मुलगी आहे. तिची आई पेरूच्या बागेत कामाला जाते, माल निवडून क्रेट भरायला. पोर बोलते कमी, पण तिच्या हातात पेन्सिल आली की आपण गप्प बसावं. वीस वर्षांत अशी मला दुसरी मिळाली नाही. मी वर्गाला सांगितलं होतं, घरातल्या एका माणसाचे हात काढा, त्या माणसाकडे न बघता, आठवणीनं. तिनं मातीच्या रंगांत आईचे हात काढले, क्रेटवर टेकलेले. नखांतली माती, बोटांच्या पेरांवरच्या भेगा, मनगटात रुतलेल्या बांगड्या, सगळं. मी तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं जाणार होती, आणि पाकीट करताना माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताला बोटं चारच आहेत. करंगळी राहिली, म्हटलं. पोर घाईत विसरली. ती तेव्हा शेजारच्या वर्गात बसली होती, गणिताच्या, म्हणजे खरं तर माझ्याच तासाला. मधे दहा पावलं. मी गेले नाही. कपाटातून तुमचा ब्रश काढला, रंग कालवला आणि करंगळी काढली. एका फटक्यात आली, सर. तिच्या बोटांच्या शेजारी जणू तिचीच.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. मुख्याध्यापकांनी काचेची फ्रेम करून घेतली आणि संमेलनाच्या दिवशी हॉलच्या दारापाशी लावली. तिची आई बागेतून परस्पर आली होती, डोक्याचा रुमालही सोडलेला नव्हता. चित्रापुढे उभी राहिली. मग तिनं आपला डावा हात उचलून काचेपाशी धरला. तेव्हा मी पहिल्यांदा तो हात बघितला. करंगळीच्या जागी नुसती गाठ होती. ‘आगं बया,’ ती हसत पोरीला म्हणाली, ‘कडबाकुट्टीच्या मशीननं नेली ती माघारी आनलीस की गं. लई दिसांनी बघितली.’ आणि मला म्हणाली, ‘मॅडम, पोरीला कसं आठवलं वो? ती तवा पाळन्यात हुती.’ पोर आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, ‘ती मी न्हाई काढली.’ आईला वाटलं लाजली. कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, म्हणून मी दोघींच्या मधे उभी राहिले आणि फोटो काढून घेतला. मला तुमचा पोचा आठवत होता आणि मी दात दाखवत उभी होते.

त्यानंतर तिनं काही काढलं नाही. दर गुरुवारी कोपऱ्यात नाव आणि हजेरी नंबर घातलेला कोरा कागद माझ्या टेबलावर ठेवून जायची. असे सहा गुरुवार. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा फॉर्म दिला तर तोही कोरा परत आणला. विचारलं तर म्हणाली, ‘मी काढून काय करू? तुमी करताल की नीट.’ आवाजात राग असता तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. नव्हता. मला भीती वाटायला लागली. ही पोर आता पेन्सिल सोडेल, लग्न करून जाईल, आणि तिनं पेन्सिल कशामुळे सोडली ते तिला नि मला सोडून कुणाला ठाऊक नसेल.

शेवटी परवा तिला मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. शिक्षकानं विद्यार्थ्याला हे म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत. ती म्हणाली, ‘असू द्या.’ मोठी माणसं म्हणतात तसं. मी म्हटलं, फ्रेम उघडते, तुझ्यादेखत ते बोट काढून टाकते. ‘नको,’ ती म्हणाली. ‘आई म्हनती राहू द्या. तिला बरं वाटतंय.’ जायला वळली, दारात थांबली, आणि तिनं मला विचारलं, ‘मॅडम, तुमी स्वतःचं कधी काढता का?’

काय सांगू? नऊ वर्षांत स्वतःसाठी कागद ओला केलेला नाही हे सांगू? आणि सर, दुसरंही तिथेच उभ्या उभ्या कळलं, ते तिला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. ती करंगळी मी पोरीसाठी काढलीच नव्हती. स्पर्धेसाठीही नाही. हात शिवशिवत होता म्हणून काढली. दहा पावलं गेले असते तर ती म्हणाली असती, बोट नाहीच आहे, आणि मग मला ब्रश ठेवून द्यावा लागला असता. काढताना मला आनंद झाला होता. घरी जाताना मी गाणं गुणगुणत गेले होते. माझी हौस भागली, तिच्या आईच्या हातावर.

ती उभीच होती. म्हणाली, ‘तुमी काढा ना कुनाचे तरी हात. न बघता. मी बघते.’ एवढं बोलून वर्गात गेली.

काल दुपारचे दोन तास मला मोकळे होते. निरोपसमारंभाची अक्षरं कापायची सोडून बसले. कागद ताणला, ब्रश भिजवला. तुमचेच हात काढायचं ठरवलं, दुसऱ्या कुणाचे काढणार? आणि येईनात. तुमचा चष्मा आठवतो, सदऱ्याच्या खिशावरचा शाईचा डाग आठवतो, डिंकाचं पातेलं आठवतं, त्यातला डाव आठवतो. ब्रश दिलात तेव्हा मी ब्रशाकडे बघत होते. मग शेवटी तुम्ही बाकांमधून फिरताना पाठमोरे जसे दिसायचात तसे काढले, पाठीशी बांधलेले दोन हात, एकात एक. अंगठा कुठला वर यायचा ते अंदाजानं ठरवलं. चित्र वाईट झालं नाही. बोटं थोडी आखूड झाली, नऊ वर्षांचा गंज आहे.

आज गुरुवार. तास सुटल्यावर ती थांबली. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी मुद्दाम पेन्सिल आणि खोडरबर ठेवले. म्हटलं, कर दुरुस्त, तुझा हक्क आहे. तिनं पेन्सिलीला हात लावला नाही. बाकावर कोपरं टेकून किती तरी वेळ बघत बसली. मग बोट कागदाच्या वर अधांतरी धरून म्हणाली, ‘हा आंगठा असाच हुता का, मॅडम?’

तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही. तुमच्याबद्दल मी वर्गात चकार शब्द बोललेली नाही. प्रश्न मात्र तुमचाच होता, सर. मी म्हणाले, ‘हो.’

‘मग राहू द्या,’ ती म्हणाली. खालचा एक कोरा कागद ओढून घेतला, नाव घातलं नाही, आणि पेन्सिल उचलून तिनं आईचा डावा हात काढायला घेतला, करंगळीच्या बाजूनं. शिपाई खोली बंद करायला आला त्याला मी खुणेनं परत पाठवलं. ती अजून काढतेय. मी मागच्या बाकावर बसून हे लिहितेय, हात कुठेतरी गुंतलेले बरे म्हणून.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तुमच्या चित्राच्या मागे घालून कपाटात ठेवीन. तिला मात्र कधीतरी खरं सांगावं लागेल. तो अंगठा मला आठवत नव्हता.