झाकणं बदललेले दोन डबे

८ ऑगस्ट

माझी पोरगी व्हर्ना रविवारी नदीवर जाणार. सॅमन मासे मोजायला, दहा दिवस, तंबूत! सॅमन आले की अस्वलं आलीच. तिच्या कमरेला पाच घरांचं मोठं रिव्हॉल्व्हर असतं, आणि काडतुसं मी भरलेली. बारा वर्षं हेच चाललंय.

दिवसभर पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी. फिरत्या ढोलात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून चकचकीत केल्या. तोंडावरून नख फिरवून चिरा शोधल्या, दोन फेकल्या. मग पंचावन्न एका मापाच्या कापल्या. लांबी सारखी नसली तर काठ गोळीला घट्ट आवळत नाही. या रिव्हॉल्व्हरचा हिसका असा की एक झाडली की बाकीच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू बघतात. एक जरी सरकली तरी काडतुसांची चक्री अडकते. मग हातात काय उरलं? दीड किलो लोखंड.

कापलेल्या आणि न कापलेल्या पुंगळ्यांच्या डब्यांची झाकणं तेलकट झाली होती, दोन्ही धुतली.

९ ऑगस्ट

पुंगळ्यांच्या बुडात ठिणगीच्या टोप्या बसवल्या, दारू भरली, गोळ्या बसवल्या. टोप्या सोनेरी. दुकानदार चंदेरी देऊ बघत होता, तयार काडतुसांना असतात तसल्या. नको म्हटलं. चाळीस वर्षांत बदलल्या नाहीत, आता कशाला?

व्हर्ना वापरलेल्या पुंगळ्या आठवणीने परत आणते. दोन वर्षं झाली, बुडातल्या जळक्या टोप्याही स्वतःच काढून आणते. "तेवढाच तुमच्या बोटांना आराम, बाबा." गुणी पोरगी.

१० ऑगस्ट

पन्नास तिला दिली, पाच स्वतःला ठेवली. ती पाण्यावरच्या विमानातून गेली. धक्क्यावर शेजारचा एमिल होताच. "म्हाताऱ्या, पोरगी बेचाळीसची आहे. काळजी करायची तर अस्वलाची कर!"

१२ ऑगस्ट

मी नाव डब्यावर नाही, झाकणावर लिहितो. कॉफीचा डबा गंजतो, झाकण टिकतं. आज 'जुन्या, न कापलेल्या' असं लिहिलेला डबा उघडला. आत सगळ्या ताज्या कापलेल्या.

कॅलिपर लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला.

धुतल्यावर झाकणं उलटसुलट बसवली मी. म्हणजे व्हर्नाकडे गेली ती...

१३ ऑगस्ट

माझ्याकडची पाच घेऊन एमिलबरोबर खडीच्या खाणीत गेलो. माझं रिव्हॉल्व्हर तिच्याच जातीचं. एक. दोन. तीन. चौथ्याला चक्री हलेना! एक गोळी दातासारखी पुढे आलेली.

एमिलने रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून काढून घेतलं.

१४ ऑगस्ट

सॅमनच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई रोज सहाला नदीवर वायरलेस लावतात. म्हटलं, व्हर्नाला सांगा, बाबांची काडतुसं वापरू नको, चुकली आहेत.

तिचं उत्तर बाईंनी कागदावर लिहून दिलं: "बाबांना सांगा, काळजी करू नका. सगळं ठीक आहे."

ठीक कसं? मी सांगतोय ना, ठीक नाही! कागद चार वेळा वाचला. सहावीपर्यंत शिकलो, एवढं तर वाचता येतं.

१५ ऑगस्ट

रात्री जागून नवी पन्नास भरली. एकेक पुंगळी मोजपट्टीवर, दोनदा. विमानाच्या धक्क्यावर नेली तर धुकं. वैमानिक म्हणाला, "आजोबा, मला माझं नाक दिसत नाहीये."

१६ ऑगस्ट

धुकं.

१७ ऑगस्ट

धुकं. एमिल म्हणाला, "अस्वलालाही काही दिसत नसेल." त्याला वाटलं मला बरं वाटेल. अस्वल नाकाने बघतं, हे त्याला ठाऊक आहे.

खोका मांडीवर घेऊन धक्क्यावर बसलो. डब्यावर नाव लिहायला किती वेळ लागतो? एक मिनिट.

१८ ऑगस्ट

वायरलेसही बंद. बाई म्हणाल्या, हवा खराब असली की असं होतं. चहा दिला, पाव दिला. पाव खिशात ठेवला तो घरी येईपर्यंत तसाच.

२० ऑगस्ट

आली! दुपारी धुकं फाटलं आणि विमान उतरलं. धड आहे. अंगाला माशांचा वास, डोळे लाल.

काल सकाळी अस्वलीण आली, दोन पिल्लं घेऊन, थेट तंबूपाशी. व्हर्ना म्हणाली, "तिच्या पायांपुढे जमिनीत झाडल्या, बाबा. चार झाल्या तरी हलेना. पाचव्याला वळली."

"पाच? पाचही सुटल्या?"

"पाचही."

"चक्री अडकली नाही?"

"नाही ना! बघा, किती छान भरता तुम्ही. उगाच घाबरता." डोळे माझ्याकडे नव्हते, बूट सोडत होती.

पुंगळ्या मोज्यात गुंडाळून टेबलावर ठेवल्या, आणि अंघोळही न करता झोपली. मी खाणीतली ती तीन, आणि तिची पाच, असा हिशेब लावत बसलो. लागेना.

२१ ऑगस्ट

सकाळी मोजा उलटा केला. या वेळी तिला टोप्या काढायला वेळ मिळाला नव्हता.

पाचही चंदेरी, दुकानातल्या तयार काडतुसांच्या.

देवाचे आभार.

ती अजून झोपली आहे. पाचही टोप्या मीच काढून टाकल्या, आणि पुंगळ्या ढोलात घातल्या.