नव्या फोनमधलं आईचं गोंदण

रविवार, संध्याकाळ

नवा फोन आवडला. बॅटरी दिवसभर पुरते, अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात. खरं तर घेतला तो आईचे चांगले फोटो काढायलाच. जुन्यात ती नेहमी अंधूक यायची. म्हणून आज वरवट बकालला, माहेरी गेले आणि ओट्यावर तूर निवडत बसलेल्या आईचा पहिला फोटो काढला. केवढी तरुण, गोरी आली! मी खूश.

तिनं फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "हे कोन व्हय वं बाई?"

"तूच व्हय, आई."

"मंग माह्यं गोंदन कुठी गेलं?"

खरंच, हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके नव्हते. फोननं डाग समजून पुसून टाकले होते.

"हे तं तुही मावशी झाली. गोंदनाची सुई पाहून पयाली होती ते. मी जाग्यावरून हालली नाई."

माझ्या कसं लक्षात आलं नाही? लहानपणी त्याच ठिपक्यांवर बोट ठेवून झोपायचे मी. गोरेपणाला भुलले, आणि आईला पाहायचंच राहिलं.

चेहरा उजळवायची ती सोय शोधून बंद केली. पुन्हा फोटो काढला. सुरकुत्या आल्या, गोंदण आलं.

"हाव, आता मी दिसून राह्यली," आई म्हणाली.

परतताना एसटीत तो फोटो मोठा करकरून पाहिला. इतका स्वच्छ, की मधला ठिपका ओळीतून थोडा सरकलेला आहे हे इतक्या वर्षांत आज कळलं. म्हणजे सुईखाली आईही जराशी हललीच होती.

तिला सांगणार नाही.