दुसरी रेघ दिसते का?

तंजावूर

सौ. अखिलाअक्काला माडीवरच्या कोंडलेल्या खोलीतून राघवेंद्राचा साष्टांग नमस्कार. भावोजींची पाठ आता कशी आहे? माझा ताप उतरला का, असं तू विचारलंस. अक्का, मला ताप नव्हताच. कोविडही नाही. तू सांगितलेली वाफ मी इमानाने घेतली, त्यात नाक भाजलं, तेवढंच काय ते दुखणं. (मुद्दाम देवनागरीत लिहितोय. घरात मराठी सगळे बोलतात, पण ही अक्षरं तू फक्त मला गिरवायला लावलीस. बाकी कुणाला वाचता येत नाहीत. ऱ्हस्वदीर्घ तूच सुधारून घे.)

झालं असं की, गेल्या आठवड्यात भुवनाने सकाळी घरीच गरोदरपणाची चाचणी केली. पट्टीवर एक रेघ ठळक, आणि दुसरी आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. मागच्या वेळी आम्ही सगळ्यांना पेढे वाटले आणि तिसरा महिना भरायच्या आत सगळं संपलं, म्हणून या वेळी खात्री होईपर्यंत कुणालाही, अगदी अम्मालासुद्धा सांगायचं नाही, असं तिने बजावलं होतं. "तुम्हाला दिसते का?" एवढंच तिने विचारलं. अक्का, मी कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवतो! मी पट्टी खिडकीशी नेली, गच्चीवर नेली, अम्माने वाळत घातलेल्या वडाम-पापडांच्या शेजारी आडवा पडून तिरप्या उन्हात पाहिली. चष्मा काढल्यावर तर तीन रेघा दिसल्या. मग खाली येऊन मी भुवनाला प्रकाशाच्या परावर्तनावर व्याख्यान दिलं. "हो की नाही, तेवढं सांगा ना," ती म्हणाली. मी पट्टी पुन्हा खिडकीशी धरली. ती डबा उचलून बँकेत निघून गेली.

तिचा तो चेहरा पाहवला नाही, म्हणून मी पट्टीचा फोटो काढला आणि त्यातला उजेड कमीजास्त करत बसलो. शेवटी रेघ दिसली (किंवा मी ती दिसेपर्यंत थांबलो नाही, असं म्हण). 'दुसरी रेघ दिसते का?' असं लिहून फोटो भुवनाला धाडला, तो गेला आपल्या घरच्या ग्रुपवर. पुढचं तू पाहिलंसच. मी पुसायच्या आत पापनाशमच्या श्रीनिवासराव काकांचा निकाल आला, 'कोविड परत आला वाटतं. बाहेर पडू नकोस.' काकांचा कार्तिक म्हणाला, ती रेघ नाही, सावली आहे. दोघांची जुंपली. सगळे कोविडच समजलेत हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं की काकांचा फोन आला तेव्हा मी खोकूनही दाखवलं. तो खोकला नडला. काकांनी लगेच अम्माला कळवलं आणि माझी रवानगी माडीवर झाली.

तेव्हापासून दाराशी ताट, मिरी घातलेलं रसम आणि कषायमचा कडूजहर काढा. परवा भुवनाने रक्त तपासून घेतलं. संध्याकाळी ती जिना चढून आली, तिच्या मागोमाग अम्मा. "पॉझिटिव्ह आलं," भुवना दाराबाहेरून म्हणाली आणि रडायला लागली. "अजून पॉझिटिव्हच?" म्हणत अम्माही रडायला लागली. दोघी एकमेकींना धरून रडतायत आणि मी दाराच्या आत नाचतोय! "धडपडतोय गं, चक्कर आली असेल," अम्मा म्हणाली, आणि कषायम दुप्पट झालं.

नाचून झाल्यावर मात्र पलंगावर बसलो आणि लाज वाटली. डॉक्टरीणबाईंनी भुवनाला जपायला सांगितलंय, आणि ती जिने चढून धडधाकट नवऱ्याला ताटं पोचवतेय. असा तुझा हुशार भाऊ. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राघवेंद्र

ता. क. ग्रुपवर अवाक्षर नको. काकांनी विचारलं तर 'सुधारतोय' म्हण.

पुन्हा ता. क. ज्यासाठी लिहायला बसलो तेच राहिलं. तू ये. आजारी भावाला बघायला म्हणून ये. काल भुवनाने दाराशी ताट ठेवून हळूच विचारलं, "अखिलाअक्कांना सांगायचं का?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नको," आणि तिथेच उभी राहिली. तिचं ते 'नको' मला खरं वाटलं नाही.